पीळ

सोमवारी सकाळी आठला आमच्या दोरखान्यात
पाच मिनिटं कोणी काही बोलत नाही.
हेस्टर फॉदरगिल डोळे उघडे ठेवून बसते,
हात मांडीवर, बोटांना डांबराचा वास.
रीत तिच्या पणजोबांची. क्वेकरांच्या प्रार्थनाघरात
पाद्री नसतो, घंटा नसते,
ज्याला आतून काही सुचेल त्यानं उठून सांगायचं,
नाही सुचलं तर तास तसाच सरतो.
आणि आम्ही वळतो ते दुसऱ्यांच्या घंटांचे दोर.

मी हिशेबनीस. माझा विश्वास शिल्लकेवर.
त्या पाच मिनिटांत मी आठवड्याची देणी मोजतो.

हंबरच्या मुखाशी, खाऱ्या वाऱ्यात, आमची लांबच लांब शेड.
तीनशे पावलं उलटं चालत दोर वळायचा.
उलटं चालून पुढे जायचा हा एकच धंदा, असं विल्फ म्हणायचा.
हल्ली नुसतेच उलटे चाललो होतो.
नायलॉन जहाजातून येतं, आमच्या निम्म्या भावात,
आणि आमचा दोर, चांगला असला की, तीस वर्षं
गिऱ्हाईक परत येत नाही.
टिकाऊपणानंच मारलं आपल्याला, मी एकदा म्हणालो.
ती हसली नाही.

ऑक्टोबरात एका गोदीवाल्याचा सौदा आला:
निम्मं प्लास्टिकचं सूत घाला,
चिठ्ठी मात्र अस्सल घायपाताची लावा.
नऊ महिन्यांचे पगार! मी आकडा दोनदा अधोरेखित केला.
तिनं नाही म्हटलं, चहा निवायच्या आत.
त्या दिवशी तिचा राग आला, थोडा हेवाही.
सोवळं पाळायची चैन हिला परवडते, वाटलं,
इल्झेला नाही,
जी रीगाहून दोन पोरं घेऊन आलीय
आणि डबा खाताना भाड्याची तारीख विचारते.

मग बँकेचं पत्र आलं.
हेस्टरनं ते खणात ठेवलं.
नाताळ तरी गोड जाऊ दे त्यांचा, म्हणाली.
खणाची किल्ली माझ्याकडेही होती.

जानेवारीचा दुसरा सोमवार.
पाच मिनिटं संपली. सात झाली. अकरा.
वाफेची नळी ठकठकत राहिली.
हेस्टर उठली, खुर्चीची पाठ धरून.
'ऑक्टोबरात मी खोटी चिठ्ठी लावली नाही
आणि तेव्हापासून स्वतःवर खूश आहे.
पण तीन महिने ह्या खोलीवर
मीच एक चिठ्ठी लावून ठेवलीय, सगळं ठीक आहे अशी.
मौन वेगळं, गप्प बसणं वेगळं.
मी गप्प बसले होते.'

तिनं माझ्या हाताखालची वही ओढली,
टेबलाच्या मधोमध उघडी ठेवली.
तिचा पगारही त्यात होता, मार्चपासून न उचललेला.
ते मात्र तिला सांगायचं नव्हतं, कान लाल झाले.

विल्फ चिडला. चिडायलाच हवं होतं.
'तीन महिन्यांत मी दुसरीकडे चिकटलो असतो, बाई.'
कोट घेतला, गेला. अजून आलेला नाही.
त्याचं उलट चालणं कोणाला जमत नाही अजून.

इल्झेनं चष्मा लावला, आकड्यांवरून बोट फिरवलं,
आणि विजेच्या बिलापाशी थांबली.
'जुनं यंत्र गुरुवारी रिकामंच फिरतं. का?'
अकरा वर्षं मी ते बिल भरत होतो.

तरलो का, विचारू नका.
आठवडा चार दिवसांचा झालाय,
निम्म्या शेडीत कोणीतरी होड्या ठेवतं.
सुंभ जळालं तरी पीळ जात नाही, म्हणतात,
हट्टी माणसाला टोमणा म्हणून.
पण सुताचा पीळ एकीकडे, पेडाचा उलटा,
दोघं एकमेकांना सुटू देत नाहीत
एवढंच काय ते दोराचं गुपित,
आणि हेस्टर नि मी रोज भांडतो.

सोमवारी आठला अजूनही देणी मोजतो.
परवा मोजता मोजता मध्येच राहिलं.
नळी ठकठकत होती, कोणीतरी खोकलं,
इल्झेच्या बाहीवर घंटेच्या दोराची लाल लोकर चिकटली होती.
आकडा कितीवर होता, आठवेना.